फोनवरचं बोलणं 'गुप्त' करणारे स्वस्तातले डबे: कोणी वापरलेत का?

केळीवाल्याचा_भाचा

नमस्कार मंडळी. मामांचा सावद्याला केळीचा व्यापार आहे. सकाळी बऱ्हाणपूरचा भाव फुटला की दिल्लीला आझादपूर मंडीतल्या आडत्याशी त्यांचं लँडलाइनवर बोलणं होतं. किती गाड्या, माल नवती की कांदेबाग, काय भावाने, कुठल्या बागेतून. गेले दोन महिने मामांना दाट संशय आहे की हे बोलणं कोणीतरी ऐकतंय, कारण ज्या बागेचा सौदा धरायला जावं तिथे दुसरा व्यापारी आधीच चहा पीत बसलेला असतो.

एका विक्रेत्याने (नाव लिहीत नाही) त्यांच्या गळ्यात दोन डब्यांची जोडी मारलीय, साडेसहा हजाराला. एक डबा इकडच्या फोनला, एक दिल्लीच्या. बटण दाबलं की मधे ऐकणाऱ्याला नुसता चिवचिवाट. मी त्याच लाइनवरचा दुसरा (पॅरलल) फोन उचलून ऐकलं, खरंच काही कळत नाही. बदकाचं आणि जुन्या मोडेमचं भांडण चाललंय असं वाटतं. विक्रेता म्हणतो 'मिलिटरी ग्रेड' आहे. पंधरा दिवसांत परत घेतो म्हणालाय, त्यातले आठ गेले. ठेवावं की परत करावं?

उगाच_एक

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

चकलीबहाद्दर

मिलिटरी ग्रेड म्हणजे कॅन्टीनमधून आणलेला का? (हलके घ्या.)

तारयंत्र

डबा उघडा, आत काय आहे ते सांगा. फोटो नको, नुसतं वर्णन पुरे.

निवृत्त_लाइनमन

छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. आधी एक सांगतो, लँडलाइन ऐकायला जेम्स बाँड लागत नाही. घरापासून खांबावरच्या डीपीपर्यंत (तारा वाटणाऱ्या पेटीपर्यंत) दोन तारा, तिथून पिलर बॉक्स, तिथून एक्स्चेंजची मेन फ्रेम. या वाटेवर कुठेही दोन चिमटे लावले की टेस्ट फोनवर सगळं ऐकू येतं. आम्ही फॉल्ट शोधताना तेच करायचो. 'हॅलो, टेस्टिंग' म्हणण्याआधी अर्धं गाव कोणाशी बोलतंय ते कळलेलं असायचं. गावाकडे पिलरचं दार मोडलेलं आणि आत सरडा, ही नेहमीची गोष्ट. तेव्हा मामांचा संशय वेडगळ नाही. पण डबे घेण्याआधी डीपी उघडून बघा. आपल्या जोडीवर जास्तीची तार निघालेली असेल तर ती डोळ्यांनी दिसते, त्याला साडेसहा हजार लागत नाहीत.

केळीवाल्याचा_भाचा

@तारयंत्र: उघडला. आत माझ्या अंगठ्याच्या दुप्पट एवढी हिरवी पट्टी. एक सोळा पायांचा आयसी, त्यावरचा नंबर पॉलिश पेपरने घासून काढलाय. बाजूला एक चंदेरी, चपटा स्फटिक, त्यावर ४.४३३ असं कोरलंय. दोन-तीन कपॅसिटर, एक पिळायचा प्रीसेट, मागे चार छोटे खटके. विक्रेता म्हणाला चार खटके म्हणजे सोळा कोड.

@निवृत्त_लाइनमन: काका, धन्यवाद. उद्या डीपी बघतो.

तारयंत्र

नंबर घासला, स्फटिक घासायला विसरला.

४.४३३ मेगाहर्ट्झ हा पॅल पद्धतीच्या रंगीत टीव्हीतला स्फटिक. आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या रंगीत डब्बा टीव्हीत होता, म्हणून चण्याफुटाण्याच्या भावाने मिळायचा. कॉर्डलेस फोनसाठी आवाज उलटा करणारे जे आयसी निघाले त्यांना हाच लावायचे. आत त्याला १३४४ ने भागलं की येतात साधारण ३३०० हर्ट्झ. तुमच्या 'मिलिटरी'चं सगळं गुपित हा एवढा आकडा.

फोनवर आपला आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात जातो. हा डबा प्रत्येक स्वर ३३०० मधून वजा करतो. ३०० चा होतो ३०००, ३००० चा ३००, मधला १६५० जागच्या जागी. जाड ते बारीक, बारीक ते जाड. पलीकडचा डबा परत तीच वजाबाकी करतो आणि आवाज सरळ होतो. किल्ली वगैरे काही नाही. ज्याच्याकडे तसलाच डबा आहे तो ऐकणार, आणि डबा नसेल तर लॅपटॉप चालतो.

खटक्यांचं म्हणाल तर ते ३३०० चा आकडा थोडा खालीवर सरकवत असणार. सोळा कोड म्हणजे सोळा वेळा प्रयत्न, तेसुद्धा आळशी माणसाला. रेडिओवर स्टेशन लावतो तसं कानाने सरकवत न्यायचं. शंभर हर्ट्झ चुकलं तरी माणूस नाकात बोलल्यासारखा वाटतो, पण शब्द कळतात.

सुमेधा_क

म्हणजे ही आपली लहानपणची 'च'ची भाषा झाली की! चतू चरीघ चतोसजा चयका? युक्ती ठाऊक नसेल तोवर गुप्त, ठाऊक झाली की मोठी माणसंही त्याच भाषेत रागावतात.

तारयंत्र

@सुमेधा_क: चरोबरब :)

गणिताचा_मास्तर

सुमेधाताईंनी नेमकं बोट ठेवलं. कर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थांनी १८८३ सालीच लिहून ठेवलंय की यंत्र शत्रूच्या हातात पडलं तरी गुपित टिकलं पाहिजे. गुपित किल्लीत हवं, यंत्रात नको. 'च'च्या भाषेत किल्लीच नाही. फार तर 'च' ऐवजी 'प' घ्याल.

जरा पुढच्या पायरीचे डबेही असतात. ते आवाजाचा पट्टा कापून तुकड्यांची अदलाबदल करतात. पाच तुकडे केले तर ते १२० प्रकारे लावता येतात, आणि प्रत्येक तुकडा सरळ किंवा उलटा म्हणजे आणखी ३२ पट. एकूण ३८४०. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण त्यातल्या बहुतेक रचनांमध्ये बोलणं अर्धवट कळतंच, कारण शब्दांचा ठेका, थांबे, चढउतार जसेच्या तसे राहतात. कान फार हुशार असतो.

कोपऱ्यातला_दुकानदार

मला हे पटत नाही. कुठलंही कुलूप फोडता येतं, म्हणून आपण दाराला कुलूप लावायचं सोडतो का? सावद्यात डीपीवर चिमटे लावून बसलेला माणूस लॅपटॉप घेऊन थोडाच बसणार आहे? त्याला चिवचिवाट ऐकू आला की तो कंटाळून जाईल. साडेसहा हजारांत तेवढं झालं तरी खूप.

माझ्याकडे नव्वदच्या दशकात कॉर्डलेस होता. त्यावर समोरच्या बिल्डिंगमधलं सासू-सुनेचं भांडण रोज सव्वानऊला यायचं. आमच्या हिने त्या वेळेला भाजी निवडायला घ्यायची सवयच लावून घेतली होती. त्या बाईंच्या फोनमध्ये असा डबा असता तर आमची करमणूक बंद पडली असती. म्हणजे उपयोग आहेच की!

उगाच_एक

सुनेची बाजू बरोबर होती का?

कोपऱ्यातला_दुकानदार

@उगाच_एक: शेवटपर्यंत ठरलं नाही. त्यांनी फोन बदलला.

अण्णा_टोरांटो

दुकानदारसाहेब, कुलपाची उपमा इथे लागू पडत नाही. कुलूप फोडणाऱ्याला तुमच्या दारात उभं राहावं लागतं, शेजारी बघतात, कुत्रं भुंकतं. बोलणं एकदा रेकॉर्ड केलं की तो ते घरी नेऊन निवांत सोडवणार, आज नाही तर दिवाळीच्या सुट्टीत. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आणि हे मोठमोठ्यांच्या बाबतीत घडलंय. दुसऱ्या महायुद्धात लंडन-वॉशिंग्टन रेडिओ-टेलिफोनवर ए-३ नावाचा स्क्रॅम्बलर (आवाज विस्कटणारं यंत्र) होता. मास्तरांनी सांगितला तोच पाच तुकड्यांचा प्रकार, फक्त मांडणी दर थोड्या सेकंदांनी बदलायची. जर्मन टपाल खात्यातल्या (हो, टपाल खात्यातल्या!) कुर्ट फेटरलाइन या इंजिनिअरने तो सोडवला आणि १९४२ पासून हॉलंडच्या किनाऱ्यावर नोर्डवाइकला केंद्र थाटून ही मंडळी रूझवेल्ट-चर्चिलची बोलणी ऐकत होती. २९ जुलै १९४३ ला दोघे इटलीच्या शस्त्रसंधीबद्दल बोलले, ते जर्मनांनी टिपून घेतलं. गंमत अशी की खरोखर सुरक्षित यंत्र, सिगसॅली, त्याच महिन्याच्या १५ तारखेला सुरू झालेलं होतं!

पण मला त्याहून लागलेली गोष्ट पर्ल हार्बरची, म्हणजे हवाईतल्या अमेरिकी नौदल तळावरच्या जपानी हल्ल्याची. ७ डिसेंबर १९४१ ला सकाळी अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांना कळलं की काहीतरी घडणार. टेबलावर हवाईला थेट लागणारा स्क्रॅम्बलर फोन होता. त्यांनी उचलला नाही, कारण तो फुटतो हे त्यांना ठाऊक होतं. लष्करी रेडिओ नेमका हवामानाने बंद, मग इशारा साध्या व्यापारी तारेने गेला. तार तिथल्या सेनापतीच्या हातात पडली तेव्हा हल्ला होऊन काही तास झाले होते.

चकलीबहाद्दर

बाप रे. हे माहीत नव्हतं. दंडवत, अण्णा.

कोपऱ्यातला_दुकानदार

@अण्णा_टोरांटो: म्हणजे फोन असून नसल्यासारखा. पण मार्शलसाहेबांना निदान ठाऊक तरी होतं.

अण्णा_टोरांटो

तेच तर म्हणतोय. ठाऊक असलेला माणूस जपून बोलतो. रूझवेल्ट-चर्चिलच्याही बोलण्यात सेन्सॉर मधे बसलेला असायचा, भलतं काही निघालं तर लाइन तोडायला. धोका आहे त्या मामांना, ज्यांना डब्यामुळे हायसं वाटणार आणि जे आधी आडवळणाने बोलायचे ते आता बागेच्या मालकाच्या नावानिशी बोलणार.

केळीवाल्याचा_भाचा

@अण्णा_टोरांटो: अगदी हेच झालंय. आधी मामा 'ते नदीकाठचं' एवढंच म्हणायचे. डबा लागल्यापासून गट नंबर सांगतात.

गणिताचा_मास्तर

आपल्याकडचे जुने व्यापारी याबाबतीत शहाणे होते. नंदभाषेत केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाईक समोर बसलंय आणि दोघे त्याच्या देखत भाव ठरवताहेत. बैलबाजारात अजूनही उपरण्याखाली बोटं धरून सौदा होतो, तोंडाने दोघे पावसाबद्दल बोलत असतात. तो प्रकार फोनवरून जमत नाही हीच अडचण.

तारयंत्र

वादापेक्षा प्रयोग बरा. @भाचा, पॅरलल फोन उचलून त्यावरचा चिवचिवाट मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि दुवा टाका. खटके कसे आहेत ते सांगू नका. मामांची परवानगी घ्या आणि खरा भाव बोलू नका म्हणावं.

केळीवाल्याचा_भाचा

टाकलाय दुवा. मामा म्हणाले, "सोडवू दे त्याला, भो." खटके त्यांनी स्वतः लावलेत, मलाही दाखवले नाहीत.

तारयंत्र

बावीस मिनिटं लागली, त्यातली दहा चहाची.

फाइल ऑडॅसिटीत (आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर) उघडली. एक सरळ साइन स्वर तयार केला, रेकॉर्डिंगला त्याने गुणलं, ३००० च्या वरचं सगळं कापून टाकलं. पहिल्यांदा ३३०० धरलं, आवाज आला पण रडका. ३१०० ला गेलो तर आणखी बिघडला. मग वर सरकत गेलो, ३४०० च्या जवळ एकदम माणूस झाला.

मजकूर: दोनदा खोकला. "हां, पंडितजी, राम राम." मग एक भाव, तो इथे लिहीत नाही, कारण मला वाटतं मामांनी खराच सांगितलाय. "दोन गाडी मंगळवार." आणि मागून बाईचा आवाज: "अहो, दळण आणायचं राहिलंय."

केळीवाल्याचा_भाचा

मामी आहे ती.

भाव खराच होता. मामांनी चष्मा काढून ठेवलाय आणि अंगणात जाऊन उभे आहेत.

उगाच_एक

दळण आणलं का?

सुमेधा_क

खिक्क! मागचा आवाजही जसाच्या तसा गेला म्हणजे कमाल आहे.

पुणेरी_वकील

थोडं अवांतर. इथे सगळे 'ऐकण्या'वर बोलताहेत म्हणून आठवण करून देतो. चिमटे लावून ऐकणं हा गुन्हा आहे, 'शेजाऱ्याची गंमत' नाही. सरकारलाही ऐकायचं असेल तर वाटेल तसं ऐकता येत नाही. टेलिग्राफ कायदा १८८५ चा, त्याच्या कलम ५(२) खाली ही मुभा होती, पण पद्धत ठरली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) निकालाने. गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश, मुदत, पुनर्विलोकन समिती. ते पुढे २००७ मध्ये नियम ४१९-अ म्हणून आलं. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आहे. तेव्हा डीपीवर खरंच तार सापडली तर ती उपटू नका. तशीच ठेवा, फोटो काढा, पोलिसात लेखी तक्रार द्या.

कोपऱ्यातला_दुकानदार

@पुणेरी_वकील: आमचा कॉर्डलेस आपोआप ऐकायचा. भाजीची शपथ.

@तारयंत्र: मानलं बुवा. कुलपाचा मुद्दा मागे घेतो. पण एक सांगा, हाच डबा मोबाइलला लावला तर? मोबाइलवर तर आधीच काहीतरी कूटबद्ध असतंच ना, त्यावर हा म्हणजे दुहेरी.

तारयंत्र

मोबाइलवर तो धड चालणारही नाही. लँडलाइन आवाजाची लाट बऱ्यापैकी जशीच्या तशी नेते. मोबाइल तसं करत नाही, तो घसा आणि तोंड यांचा एक साचा धरून त्याचे आकडे पाठवतो, पलीकडे त्यावरून आवाज परत घडवतो. उलटा केलेला आवाज कुठल्याच माणसाच्या घशातून निघत नाही, त्यामुळे साच्यात बसत नाही. वर गोंगाट कमी करणारी यंत्रणा त्याला गोंगाट समजून दाबते. पलीकडे पोचतो तो चोथा, सरळ केला तरी चोथाच.

आणि मोबाइलचं स्वतःचं कूट फक्त हँडसेट ते टॉवर एवढंच असतं. टॉवरच्या पुढे कंपनीच्या जाळ्यात बोलणं उघडं. त्यातही जुन्या २जीचं ए५/१ हे कूट कधीच मोडीत निघालंय. २००९ मध्ये कार्स्टन नोल हा संशोधक आणि मंडळींनी ते सोडवायचे तयार तक्तेच लोकांसमोर ठेवले.

चकलीबहाद्दर

मग सुरक्षित आहे तरी काय? कबुतर?

गणिताचा_मास्तर

कबुतराला वाटेत दाणे टाकले की संपलं.

अण्णांनी सिगसॅलीचं नाव घेतलं ते पुरं करतो. ते फुटलं नाही, कारण आधी आवाजाचे आकडे केले आणि मग प्रत्येक आकड्यात एक यदृच्छ आकडा मिळवला. हे यदृच्छ आकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर होते, एक तबकडी लंडनला, तिची जुळी वॉशिंग्टनला, दोन्ही एकाच क्षणी सुरू करायच्या आणि वापरून झाल्या की नष्ट. एकेका यंत्राचं वजन ५० टनांच्या वर. लंडनचं यंत्र ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस दुकानाच्या तळघरात होतं. वर बायका टोप्या घेताहेत, खाली महायुद्ध.

आज त्या तोडीचं कूट तुमच्या आठ हजारांच्या फोनवर फुकट चालतं. सिग्नलसारख्या अ‍ॅपवर दोघांचं बोलणं फोन ते फोन बंद असतं, मधल्या कंपनीलाही उघडता येत नाही. फक्त एकदा समोरासमोर भेटून तो ६० आकड्यांचा सुरक्षा क्रमांक जुळवून घ्यायचा, म्हणजे मधे कोणी तिसरा बसलेला नाही याची खात्री होते. हे न करणारे बरेच.

अण्णा_टोरांटो

+१. मात्र कोण कोणाशी कधी आणि किती वेळ बोललं याचा थोडाफार माग कुठे ना कुठे राहतोच. आणि आडत्या स्पीकरवर टाकून बोलत असेल तर सिगसॅलीसुद्धा हात टेकेल.

सुमेधा_क

मूळ प्रश्नाकडे येऊ का? आम्ही रावेरकडचे, माहेरी केळीच. सगळे फोनच्या मागे लागलेत म्हणून विचारते. भाचेबुवा, मामा सौदा धरायला सकाळी जातात, पण घड कापायला टोळी कधी सांगतात? आमच्याकडे तरी टोळी आदल्या संध्याकाळी सांगावी लागते, गाडीही तेव्हाच. 'उद्या अमक्या शिवारात या' असं मुकादमाला आधीच कळलेलं असतं. आणि एकच मुकादम तीन-तीन व्यापाऱ्यांची टोळी बघतो. दिल्लीचा फोन होईपर्यंत बातमी चावडीवरून फिरून आलेली असते.

निवृत्त_लाइनमन

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

केळीवाल्याचा_भाचा

उशिरा लिहितोय, माफ करा. डीपी काल बघितला. जास्तीची तार नाही, सरडा आहे.

सुमेधाताईंचा प्रतिसाद मामांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामीला विचारलं, "आपला मुकादम आणखी कोणाकडे जातो गं?" मामी म्हणाली, "सगळ्यांकडे. तुम्हालाच माहीत नव्हतं?" आता ते टोळीला दोन शिवारांची नावं सांगायची आणि सकाळी एक रद्द करायचं असं काहीतरी ठरवताहेत. टोळीवाले यावर चिडणार आहेत, ते वेगळं. पुढच्या दिल्ली फेरीत आडत्याबरोबर ६० आकडे जुळवणार आहे, मामांनी ते आत्तापासून वहीत लिहायला घेतलेत.

डबे परत करायला गेलो तर विक्रेता म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही. (@तारयंत्र, तुमचं नाव सांगितलं नाही.)

चकलीबहाद्दर

माझ्या मुलाला दहावीच्या विज्ञान प्रदर्शनाला पाहिजेत. विकता का?

केळीवाल्याचा_भाचा

मामा तयार आहेत. किती ते फोनवर सांगणार नाहीत म्हणतात, सावद्याला या.